बुधवारची रिकामी बाकं

जिभेला हाड नसतं म्हणतात. संघमित्राच्या जिभेला मात्र ‘ब’ समोर आला की हाड फुटायचं. आणि नोकरी कुठली, तर धुळ्यातल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात फोन घेण्याची! नशिबाला थट्टा करायला दुसरं कुणी सापडलं नसावं.

इतक्या वर्षांत तिने पळवाटा शोधल्या होत्या. फोनवर ‘बोला’च्या जागी ‘हं, सांगा’. ‘बसा’ म्हणायचं तर खुर्चीकडे हात. सगळ्या बाबांचे तिने काका करून टाकले होते. विहारात चारचौघांच्या आवाजात वंदना म्हणताना बुद्धाचं नाव कसं सुरळीत यायचं. फोनवर एकटी असली की तेच अक्षर आतून कडी लावून बसायचं. पलीकडचा माणूस ‘हॅलो, हॅलो’ करायचा आणि ‘रेंज नाही वाटतं’ म्हणून फोन ठेवून द्यायचा. संध्याकाळी घरी गेल्यावर तिला पोरांशी बोलायचंही त्राण उरत नसे.

एका शब्दाला मात्र पळवाट नव्हती. नव्या पेशंटची तपासणी आठवड्यात दोनच दिवस, बुधवारी आणि गुरुवारी. समोर आलेल्याला ती चिठ्ठीवर वार लिहून द्यायची. पण खेड्यापाड्यांतले लोक फोन करूनच येत, आणि फोनवर ती सगळ्यांना गुरुवार देऊन मोकळी व्हायची. गुरुवारी पाय ठेवायला जागा नसे. बुधवारी बाकं रिकामी.

त्या गुरुवारी सकाळी डॉक्टर श्रेयांस म्हणाले, “बुधवारी कोणी फिरकतच नाही. पुढच्या महिन्यापासून बंद करू.”

संघमित्राने मान हलवली. सुंठीवाचून खोकला गेला, असं तिला वाटलं. लाज नंतर वाटली, पण आधी सुटल्यासारखंच वाटलं.

संध्याकाळी डॉक्टर उठले तेव्हा बाकावर भागाबाई तशाच बसलेल्या. साक्रीच्या पलीकडून पहाटेच्या एसटीने आलेल्या. ‘लवकरात लवकरचा दिवस दे,’ असं त्यांनी फोनवर विनवलं होतं. नंबर लागलाच नव्हता. सून परतीच्या गाडीची चौकशी करायला बाहेर गेली होती.

“मंग आते कोनता दिन येऊ, माय?”

‘गुरुवारी’ म्हटलं असतं तर सुटली असती. तिने ‘बुधवार’ अशी चिठ्ठी लिहिली, हातात दिली. भागाबाईंनी ती डोळ्यांजवळ नेली आणि परत केली.

“माले कोठे दिसस? तूच सांग.”

संघमित्राने तोंड उघडलं. ओठ मिटले ते उघडेनात. मान ताठली, डोळ्यांत पाणी आलं. म्हातारीने चाचपडत तिचा हात धरला.

“घाई नही शे. बठ्ठा दिन बसनू मी. तुना एक शब्दकरता आखो बससू.” दिवसभर बसलेली म्हातारी तिच्या एका शब्दासाठी आणखी थांबणार होती.

शब्द आला. तुटत, अडखळत, पण आला.

“बुधवारले बी इतलीच गर्दी राहस का?”

संघमित्राने नाही म्हणून मान हलवली. मग म्हातारीला ते दिसलं नसेल हे लक्षात येऊन हळूच म्हणाली, “नाही आजी. कोणीच नसतं.”

भागाबाईंनी अजून हात सोडला नव्हता.

“मंग माले आज कसाले बलावं, माय?”

‘माझं चुकलं,’ एवढंच म्हणायचं होतं. त्यात ‘ब’ कुठेच नव्हता. तरी ते तोंडातून निघेना.