बिनमिशीचे सर

सरांचे वडील तिकडं त्यांच्या गावी, ईटला, धडधाकट होते, गुरांमागं हिंडत होते, आणि इकडं नळदुर्गला लोक सरांच्या गळ्यात पडून रडत होते. कारण एवढंच, की सरांनी मिशी काढली होती. आमच्या भागात बाप्या माणसानं मिशी काढली म्हणजे बाप गेला, असंच धरतात. वॉचमनमामांनी फाटकातच मिठी मारली, स्वयंपाकघरातल्या आक्कांनी डोळ्याला पदर लावला. कुणीतरी दुखवट्याचं बोलायला थेट ईटला फोन लावला, तर तो वडिलांनीच उचलला. म्हातारबांनी विचारलं म्हणे, "कोण गेलं?" फोन करणाऱ्यानं घाबरून फोनच ठेवून दिला. ही गोष्ट सर स्वतः हातवारे करून सांगायचे आणि वडिलांचा चेहरा असा करायचे की आम्ही हसून लोळायचो.

मिशी काढली होती ती आमच्यासाठी. आम्ही बहिरी मुलं, समोरच्याच्या ओठांवरून जमेल तेवढं समजून घेणारी. सरांची मिशी चांगली झुपकेदार, वरचा ओठ झाकून टाकणारी. ते शाळेत नवे होते तेव्हा आमच्यातल्या एकीनं धीर करून फळ्यावर लिहिलं, "मिशी. दिसत नाही." दुसऱ्या दिवशी मिशी गायब. आम्ही प्रत्येक माणसाला खुणेचं नाव देतो. सरांचं नाव ठरलं, वरच्या ओठावरून बोट फिरवून पुसून टाकणं. लिहायचं झालं तर बिनमिशीचे सर.

आमची शाळा नळदुर्गच्या बाहेर, हायवेला लागून. राहायला तिथंच. भोवती उंच भिंत आणि सदा बंद असणारं फाटक. माझं गाव तामलवाडी. घरी कुणाला खुणा येत नाहीत. जेव, झोप, चल, थांब, झालं एवढंच बोलणं. शाळेत निदान माझ्यासारख्या मुली होत्या. पण तिथं मुख्याध्यापक, म्हणजे आमचे मोठे सर, त्यांचा नियम होता की हात मागं बांधायचे आणि तोंडानं बोलायचं. हात हलवले की मुलं कायमची मुकी राहतात, असं त्यांचं मत. घशातून कसाबसा आवाज काढला की टाळ्या पडायच्या, पण समजलं काय, हे कुणी विचारत नव्हतं. घरी भाषा नाही आणि शाळेत हात बांधलेले. जीव नुसता गुदमरायचा.

बिनमिशीच्या सरांच्या तासाला मात्र हात मोकळे असायचे. विज्ञानाच्या पुस्तकात ध्वनीचा धडा असतो. आधीचे शिक्षक तो गाळायचे, बहिऱ्यांना काय करायचाय म्हणून. सरांनी तोच धडा सगळ्यात जास्त दिवस शिकवला. फुगा कापून त्याचं रबर पातेल्यावर ताणून बसवलं, वर रवा भुरभुरला आणि जवळ तोंड नेऊन ओरडले. रवा टणाटणा उडायला लागला. मग प्रत्येकीच्या हातात एकेक फुगवलेला फुगा देऊन आम्हाला हायवेकडच्या भिंतीपाशी उभं केलं. ट्रक गेला की फुगा तळहातात थरथरायचा. आमच्यातली एक तर घाबरून फुगा टाकून पळाली. सर म्हणाले, "ह्यालाच ध्वनी म्हणतात. कानाच्या मालकीचा न्हाय तो." मला त्या दिवशी रडू का आलं ते सांगता येणार नाही. आजवर सगळ्यांनी जे आमच्यापासून लांब ठेवलं होतं, ते माझ्या हातात होतं.

विज्ञानातल्या शब्दांना आमच्याकडे खुणाच नव्हत्या. बाष्पीभवन म्हणताना ओठ कसे हलतात ते आरशात बघा, काहीही कळत नाही. मग सरांनी पद्धत पाडली. आधी प्रयोग बघायचा, मग जिला जी सुचेल ती खूण करून दाखवायची आणि हात वर करून मत द्यायचं. सरांना मत नाही. "तुमची भाषा हाय, मी पाहुणा," असं ते म्हणायचे. तरी एकदा त्यांना राहवलं नाही आणि घर्षणासाठी त्यांनी स्वतः एक खूण करून दाखवली. आमच्याकडे ती आधीच खोबरं किसायची होती. त्यानंतर कितीतरी दिवस मुली त्यांना विचारायच्या, सर, आज भाजीत घर्षण आहे का?

सरांनी कुठूनसा एक जुना सूक्ष्मदर्शक आणला होता. त्यातून मी कांद्याचा पापुद्रा बघितला आणि वेडीच झाले. तुळजापूरला आईचं रक्त तपासलं होतं, तिथली बाई अशाच यंत्रात डोळा घालून बसलेली मी पाहिली होती. त्या कामाला कान लागत नाहीत. मला तेच व्हायचं होतं. सरांना सांगितलं तर ते खुर्चीतून उठून उभे राहिले. म्हणाले, "मग दहावीला विज्ञान पाहिजे. ते सोडायचं न्हाय."

घोडं तिथंच अडलं. आमच्यासारख्यांना दहावीला विज्ञानाऐवजी सोपा विषय घ्यायची सवलत असते. सवलत म्हणजे हवी तर घ्या. आमच्या शाळेत ती सरसकट सगळ्यांना चिकटवली जायची, कारण निकाल शंभर टक्के लागला पाहिजे. सर माझ्यासाठी मोठ्या सरांशी भांडले. पुन्हा पुन्हा भांडले. मोठ्या सरांच्या खोलीच्या काचेतून आम्हाला आमच्या सरांचे हात दिसायचे. रागावले की ते मोठ्या सरांशीसुद्धा खुणांनी बोलायला लागायचे. शेवटी मोठ्या सरांनी त्यांना कोंडीतच पकडलं. ही पोरगी सगळ्यांसारखी सवलत घेईल, नाहीतर प्रयोगाची खोली धान्य ठेवायला जाईल आणि तुमच्या तासालासुद्धा हात मागं. दोन्हींतलं एक निवडा.

सरांनी धाकट्या मुली निवडल्या, म्हणजे त्यांच्यासाठी खोली आणि मोकळे हात. मला समोर बसवून सगळं सांगितलं, काही लपवलं नाही.  मला तेव्हा त्यांचा भयंकर राग आला. न सांगता केलं असतं तर निदान एकट्या मोठ्या सरांवर चिडता आलं असतं. मी त्यांच्या तासाला जाणं सोडलं आणि आक्कांपाशी जाऊन ज्वारी निवडत बसले. दहावीला मी चित्रकला घेतली, एक आंबा आणि एक घागर काढली आणि पास झाले. रक्त तपासायच्या कोर्सला बारावी विज्ञान लागतं. माझं दार तिथंच बंद झालं.

आणि गंमत बघा, वाचलं काहीच नाही. पुढच्या वर्षी शाळेत मुलं कमी झाली, सर अतिरिक्त ठरले आणि त्यांना दुसऱ्या जिल्ह्यात पाठवलं. ते गेले त्या दिवशी मी शाळेतच होते, वसतिगृहात मदतनीस म्हणून लागले होते. त्यांनी मला खुणावलं, येतो. मी नुसती मान हलवली. महिना झाला नाही तोवर प्रयोगाच्या खोलीत ज्वारीची पोती आली. भिंत तीच, फाटक तेच, आत मी. तामलवाडीला जावं तर पुन्हा जेव, झोप, चल, थांब.

खोली गेली, पण खुणा काही कुणाला पोत्याखाली गाडता आल्या नाहीत. मोठ्या मुलींनी त्या धाकट्यांना शिकवल्या. नवे सर फळ्याकडं तोंड करून शिकवतात आणि संध्याकाळी वसतिगृहात मुली तोच धडा एकमेकींना हातांनी समजावतात. त्यांत सुमैया आहे. सर होते तेव्हा ती एवढीशी होती, रवा उडताना बघून टाळ्या पिटणारी. आता दहावीत आली. परवा मला म्हणाली, मला विज्ञान पाहिजे.

मी सरांना व्हिडिओ कॉल लावला. आता ते निवृत्त होऊन ईटला असतात, वडिलांच्या जागी गुरांमागं हिंडतात. अजूनही बोटांनी आणि ओठांनी एकदमच बोलतात. सुमैयाचं सांगितल्यावर त्यांनी हातातली काठी बाजूला ठेवली. मग म्हणाले, "तवा मी मागं सरलो. वाटलं, एकीचं दिलं तर बाकीच्यांचं वाचंल. तसं वाचत नसतंय, पोरी. तुझं लई मोठं नुकसान केलं मी. तू मागं सरू नको." माझा इतक्या वर्षांचा राग कुठं गेला, कळलं नाही. फोन भिंतीला टेकवून मी दोन्ही हातांनी रडले, म्हणजे रडत रडत त्यांच्याशी बोलत राहिले.

दुसऱ्या दिवशी सुमैयाला घेऊन मी मोठ्या सरांच्या खोलीत गेले. टेबलावर दहावीच्या मुलींची यादी होती, सगळ्यांपुढं चित्रकला लिहिलेली. सुमैयाच्या नावावर मी बोट ठेवलं आणि तोंडानं म्हणाले, "विज्ञान." माझा आवाज कसा येतो मला माहीत नाही, लोक दचकतात एवढं दिसतं. मोठे सरही दचकले. मग आमच्याशी बोलताना बोलतात तसं एकेक शब्द फोडून म्हणाले, "नापास झाली तर जबाबदारी कुणाची? तुझी? तुझं स्वतःचं तरी विज्ञान होतं का?"

नव्हतं. त्यांचं म्हणणं खरंच होतं, आणि लागायचं तिथं लागलं. त्यांचं बोलणं पुढं चालूच राहिलं, बहुतेक जा म्हणत असतील. मी त्यांच्या तोंडाकडं बघणं थांबवलं. यादीवरचं बोट मात्र उचललं नाही.