रोजच्यासाठी घेतलेली गाडी

दोन सीटची स्पोर्ट्स कार दारात असताना रोजच्यासाठी दुसरी कुठली गाडी घ्यावी, या प्रश्नावर मी चार महिने डोकं फोडलं. आज आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटते. ती स्पोर्ट्स कार परळला आमच्या टॉवरच्या तळघरात कव्हर घालून उभी असायची. बाहेर काढली की प्रत्येक गतिरोधकाला तिचं पोट घासायचं, त्यामुळे रविवारी सकाळी एक फेरी, एवढंच तिचं काम. बाबांना तिच्यात एकदाच बसवलं होतं. उतरवताना मी आणि वॉचमनने त्यांना काखेत हात घालून उचललं. उभे राहिल्यावर ते लेंगा झटकत म्हणाले, "असांदे रे, झाला एकदा." म्हणजे पुन्हा नको.

बाबा लालबागला थोरल्या भावाकडे राहतात. त्यांचे गुडघे गेलेत. दुसरी गाडी त्यांना डॉक्टरकडे नेण्यासाठी, सणावाराला आणण्यासाठी हवी, असं घरात ठरलं होतं. बायको म्हणाली, "जरा उंच घे, मऊ सीटची. त्यांना वाकावं लागू नये." मी मान डोलावली आणि जाऊन हॉट हॅचबॅक बुक करून आलो. बाहेरून साधी, घरगुती, पाच दारांची गाडी. आत इंजिन असं की सिग्नल सुटला की पाठ सीटला चिकटते. सस्पेन्शन दगडासारखं, टायर पातळ. विचारेल त्याला मी सांगत सुटलो, मागे तीन माणसं बसतात, डिकी आहे, बाबांसाठीच तर घेतली. साफ खोटं. मला हवी होती म्हणून घेतली आणि म्हाताऱ्याचे गुडघे पुढे केले.

पहिल्याच दिवशी त्यांना हिंदमातापर्यंत फिरवून आणलं आणि विचारलं, कशी वाटली? "चांगली आहे," म्हणाले. आमच्या बाबांना अळणी भाजीही चांगली लागते. त्यांची गिरणी बंद झाली तेव्हाही "बघू" एवढंच म्हणाले होते. हे सगळं माहीत असून मी ते "चांगली आहे" सर्टिफिकेट मिळाल्यासारखं महिनाभर मिरवलं.

मग गणपती आले. आमच्याकडे, म्हणजे लालबागच्या घरी, दीड दिवसाचा गणपती असतो, आणि मूर्ती आणायची बाबांनीच. माझ्या जन्माआधीपासून. परळच्या एका कारखान्यात आमचा पाट आधीच देऊन ठेवलेला असतो, त्याच पाटावर शाडूची सव्वा फुटाची मूर्ती, तीच बैठक, तोच चेहरा. आदल्या दिवशी बाबा अंघोळ करून, धुतलेले कपडे घालून जायचे आणि मूर्ती छातीशी धरून चालत यायचे. मागे आम्ही पोरं झांजा वाजवत. वाटेत कोणी "द्या जरा माझ्याकडे" म्हटलं तर द्यायचे नाहीत. बाबांनी आयुष्यात कशाचाच हट्ट धरला नाही, हा एक सोडून.

त्या वर्षीही ते चालतच येणार होते. "सावकाश येईन, कोणीतरी सोबत असला की झाला," म्हणाले. मीच अडून बसलो. एवढी गाडी दारात असताना पायी कशाला, लोक काय म्हणतील. लोक काहीही म्हणणार नव्हते. मला गणपती माझ्या गाडीतून उतरलेला गल्लीला दाखवायचा होता.

दुपारी आम्ही मूर्ती घेतली. बाबा मागच्या सीटवर, मांडीवर पाट, मूर्तीच्या तोंडावर रुमाल, दोन्ही हात तिच्याभोवती. निघताना म्हणाले, "हळू घे हां." घेत होतो की. पुलाखाली आलो आणि रस्ता जरा मोकळा मिळाला. बाजूला एक माझ्यासारखाच शहाणा, मोठ्या सायलेन्सरच्या गाडीत. त्याने माझ्या गाडीकडे बघून इंजिन गुरगुरवलं. पंचेचाळिशी उलटलेला मी, मागे बाप बसलेला, त्याच्या मांडीवर गणपती, आणि मी पाय दाबला. चार सेकंद, फार तर पाच. पुढे मंडपाजवळ नवा गतिरोधक घातलेला होता, पट्टे न मारलेला. ब्रेक मारला तोवर गाडी त्याच्यावरून आदळून गेली होती.

मागून खट असा बारीक आवाज आला. गाडी कडेला घेऊन वळून बघितलं तर आशीर्वादाचा हात मनगटापासून तुटून बाबांच्या मांडीवर पडला होता. ते तो उचलून जागच्या जागी लावून बघत होते. मी काय म्हणालो असेन? म्हणालो, "सस्पेन्शन जरा कडक आहे हिचं." सॉरीसुद्धा नाही.

आम्ही परत कारखान्यात गेलो. मूर्तिकार आमच्या ओळखीतले, बाबांच्याच वयाचे. बघून हळहळले, विचारलं, कसं झालं? मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "माझाच हात हलला. सुटली." आणि माझ्याकडे बघितलंही नाही. तेव्हा बोलायला हवं होतं. उलट मनात बरं वाटलं, हे लिहितानाच लाज वाटतेय. तुटलेली मूर्ती मूर्तिकारांनी विसर्जनासाठी ठेवून घेतली आणि कोणी न नेलेली एक दिली. बैठक वेगळी, चेहरा वेगळा. घरी सगळ्यांनी विचारलं, आणि बाबांनी तेच सांगितलं. प्रत्येकाला, त्याच चार शब्दांत.

भाऊ त्यांच्यावर ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. प्रेमाने म्हणाला, "बाबा, आता वय झालं. पुढच्या वर्षीपासून मी आणेन, तुम्ही निवांत बसा." काकू, शेजारी, सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यानंतर हळूहळू चहाचा ट्रेसुद्धा त्यांच्या हातून काढून घ्यायला लागले, देवाची समई लावायला नातू पुढे व्हायला लागला. बाबांचे हात थरथरतात, अशी बातमी झाली. मी त्यांचे हात बघितलेत. आजही सुईत दोरा ओवतात.

वर्षभर मला संधी होती. फोनवर होती, जेवताना होती, डॉक्टरकडे नेताना त्याच गाडीत आम्ही दोघंच असायचो तेव्हा तर होतीच. एकदा मी सुरुवात केली, "बाबा, त्या दिवशी..." तर म्हणाले, "समोर बघून चालव."

पुढच्या वर्षी भावाचा फोन. "तुझीच गाडी आण रे. चालव मात्र हळू, मूर्ती मी धरतो." गेलो. दहाच्या वेगाने आणली, एकही दणका न देता. येत होतं की मला. दारात वहिनीने, मूर्ती आणणाऱ्याच्या पायांवर घालतात तसं, भावाच्या पायांवर दूध-पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला. कोणीतरी म्हणालं, बघा, गाडीतून किती व्यवस्थित आली.

बाबा दाराशीच उभे होते, अंघोळ करून, धुतलेले कपडे घालून. मूर्ती आत येताना त्यांचे दोन्ही हात आपोआप पुढे झाले. "बाबा, बाजूला व्हा, धक्का लागेल," भाऊ म्हणाला. बाबा भिंतीला सरकले आणि त्यांनी हात पाठीमागे घेतले. मी त्यांच्या शेजारीच उभा होतो.