जयमालाचा डावा पाय

दोहात सण शुक्रवारी येतात. पंचांगात दसरा मंगळवारी असो नाहीतर बुधवारी, अबू हमूर भागातल्या एका कंपाउंडमधल्या मराठी घरांची वाहनपूजा सुट्टीच्या दिवशीच व्हायची. गाड्या धुऊनपुसून ओळीने लागायच्या, चाकांखाली लिंबं ठेवली जायची. बायका ताम्हण घेऊन गाड्यांना ओवाळायच्या आणि नवरे आत बसून लिंबं चिरडायचे. ही वाटणी कोणी केली होती ते कोणालाच माहीत नव्हतं, पण ती मोडायचं कधी कोणाच्या मनात आलं नाही. जयमालाच्या मात्र यायचं, दरवर्षी.

कारण जयमाला नाशिकच्या मुंबई नाक्याजवळच्या गॅरेजात वाढली होती. वडील ट्रक दुरुस्त करायचे. कॉलेजात असताना ती त्यांचा टेम्पो घेऊन सिन्नरला सुटे भाग पोचवून यायची, आणि क्लच नेमका कुठे पकडतो हे तिला तळपायाला कळायचं. पुढे हेमचंद्रचं स्थळ आलं. मुलगा इंजिनिअर, आखाती कंपनीत जाण्याच्या बेतात. बघायला मंडळी येणार त्या सकाळी आईने तिला बजावलं, ‘टेम्पोचं नाव काढू नकोस हं.’ जयमालाने नाव काढलं नाही. हेमचंद्रला ते कळलं लग्नानंतर, आणि कळल्यावर तो हसला. त्या हसण्याचा अर्थ लावण्यात तिची पहिली काही वर्षं गेली.

दोहात तिने लायसन्स काढलं, ऑटोमॅटिकवर. मुलाची, यशोधनची, शाळा, त्याची ट्युशन, लुलू सुपरमार्केटातली खरेदी, विमानतळावर पाहुणे आणायला आणि सोडायला, सगळं तिनेच केलं. त्या गाडीत डाव्या पायाला काम नसतं. तो आपला पाहुण्यासारखा बाजूला पडून राहायचा.

मग हेमचंद्रने मस्टँग घेतली. मायदेशी परतणाऱ्या एका अमेरिकन सहकाऱ्याची, एकोणीसशे एकोणसत्तरची, गडद हिरवी, हाताने गिअर टाकायची. ती पहिल्यांदा दारात येऊन उभी राहिली तेव्हा आवाज ऐकूनच जयमाला हात पुसत बाहेर आली. तिला वाटलं, आता आपली पाळी. पण हेमचंद्र म्हणाला, ‘क्लच फार जड आहे गं, तुझा पाय दुखेल.’ पुढच्या वर्षी म्हणाला, ‘दसऱ्याला बघू.’ दसऱ्याला म्हणाला, ‘तू ओवाळ आधी.’ असं हे घोंगडं वर्षानुवर्षं भिजत पडलं, आणि ती त्याच्या शेजारच्या सीटवर बसून समुद्रकाठच्या कॉर्निश रस्त्यावर चकरा मारत राहिली.

हेमचंद्र वाईट माणूस नव्हता, हे सगळेच सांगतील. आवाज चढवायचा नाही, पार्टीत प्यायला तरी मोजकं प्यायचा, बायकोचा वाढदिवस विसरायचा नाही. वाईट माणसाशी निदान भांडता तरी येतं.

यंदा तो निवृत्त होणार होता. नोकरी संपली की इथे राहण्याचा परवानाही संपतो, आणि गाडी नाशिकला न्यायची तर कटकटींना अंत नाही. म्हणून मस्टँगचा सौदा एका कतारी गृहस्थाशी ठरला होता. दसरा झाला की तो ती घेऊन जाणार होता. म्हणजे जयमालाला ती गाडी चालवायला मिळायची तर याच दसऱ्याला, नाहीतर कधीच नाही.

त्यातच उन्हाळ्याच्या तोंडाशी क्लच गेला. आधी लक्षात आलं जयमालाच्या. फ्लायओव्हर चढताना इंजिनाचा आवाज वाढला, गाडी मात्र आहे त्याच वेगात राहिली, आणि जळका वास आला.

‘अहो, क्लच घसरतोय,’ ती म्हणाली.

‘छे, पेट्रोलमध्ये कचरा असेल.’

आठवड्याने सनाइयात, म्हणजे इंडस्ट्रियल एरियात, गॅरेज चालवणाऱ्या इकबालनेही क्लचच सांगितला. त्यानंतर हेमचंद्र सगळ्यांना सांगत सुटला की मला फ्लायओव्हरवरच शंका आली होती. जयमालाने पोह्यांवर लिंबू पिळलं.

मग सुरू झाली क्लचची निवड. मुलीसाठी स्थळ बघताना झाली नसती इतकी चौकशी झाली. निवड दोनच गोष्टींतून होती. एक जुन्या पद्धतीचा, तीन बोटांच्या प्रेशर प्लेटचा, पेडल दगडासारखं जड. दुसरा नव्या पद्धतीचा, डायफ्रामचा, पेडल हलकं. हेमचंद्रने जुन्या गाड्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं. रास लाफानच्या प्लांटवरच्या सहकाऱ्यांना विचारलं. कॅलगरीत नोकरी करणाऱ्या यशोधनला व्हिडिओ कॉल लावून फोटो दाखवले. इकबालकडे तर तासन् तास बसला. ज्या बाईचं बालपण क्लचप्लेटांच्या ढिगाऱ्यात गेलं ती घरी त्याच्यासमोर चहा ठेवत होती, तिला विचारायचं काही त्याला सुचलं नाही.

शेवटी तीच म्हणाली, ‘हलका घ्या ना. मग मलाही चालवता येईल.’

‘जया, या इंजिनाला जोर किती आहे तुला माहितीये का? हलका क्लच चार दिवसांत घसरेल.’

‘बाबांकडे नंतरच्या ट्रकांना हलकेच क्लच यायचे. ओझं ओढायचेच की ते.’

‘ट्रक वेगळा, ही वेगळी.’ तो हसला, तेच लग्नानंतरचं हसू. ‘पण ऐक. यंदा दसऱ्याला लिंबावरून गाडी तूच घालायची. शब्द देतो. क्लच पूर्ण दाबता आला म्हणजे झालं.’

तिने त्याच्यावर विश्वास ठेवला. तो इंजिनिअर होता, आणि तिला विश्वास ठेवायची सवय होती.

जड क्लच बसला. गाडी घरी आली त्या संध्याकाळी तो स्वतःहून म्हणाला, ‘बस, बघ जमतंय का.’ शेजारपाजारची पाचसहा माणसं उभी होती. जयमालाने ओढणी खोचली, बसली, सगळा जोर लावून पेडल दाबलं. ते खाली गेलं, पण मांडी लटलटायला लागली आणि सोडताना पाय निसटला. गाडीने एक उडी मारली आणि बंद पडली.

‘मिक्सर नाहीये तो जया,’ हेमचंद्र म्हणाला. मंडळी पोट धरून हसली. शेजारची नमिताही हसली, मग तिला वाईट वाटलं असावं, कारण ती जवळ येऊन म्हणाली, ‘काकू, मला तर तेवढंसुद्धा जमलं नसतं.’

त्या दिवसापासून जयमाला इरेला पेटली. यशोधनच्या जुन्या जीन्सचा एक पाय तिने कापला, पिशवीसारखा शिवला आणि त्यात हरभऱ्याची डाळ भरली. नवरा प्लांटवर गेला की ती खुर्चीत बसायची, ती पिशवी डाव्या पायाला बांधायची आणि पाय उचलायची, ताणायची, सावकाश खाली न्यायची. पहिल्या आठवड्यात जिना चढताना कठड्याला धरावं लागलं. मग आणखी डाळ भरली. बाहेर ऊन असं की दाराची कडी हाताला चटका द्यायची, आणि आत ही बाई घामाने निथळत पायाला डाळ बांधून बसलेली. एकदा नमिता विरजण मागायला आली आणि बघतच राहिली.

‘गुडघ्याचा त्रास आहे का काकू?’

‘हो गं, वयच झालं आता,’ जयमाला म्हणाली. खरं सांगायची तिला लाज वाटली. आपल्याच घरच्या गाडीत बसण्यासाठी एवढा आटापिटा, कोणाला सांगणार?

अधूनमधून, गाडी बंद असताना, ती चोरासारखी शेडमध्ये जाऊन पेडल दाबून बघायची. उन्हाळा सरता सरता ते तळापर्यंत गेलं. मग तिथे धरून ठेवता यायला लागलं. आणि एका सकाळी मांडी जराही थरथरली नाही. तिने पेडल दाबलं, धरलं, सावकाश सोडलं, आणि तळपायाला ती जागा कळली जिथे क्लच पकडतो. मुंबई नाक्यावर कळायची तशीच. ती त्या बंद गाडीत एकटीच हसली. त्या सकाळी तिच्याइतकी सुखी बाई अख्ख्या दोहात नसेल. हे तिने कोणालाही सांगितलं नाही. दसऱ्यालाच दाखवायचं असं ठरवलं.

दसरा जवळ आला तसा यशोधनचा फोन आला. गाडी जाण्याआधी एकदा चालवायला येतो म्हणाला. ‘बट बाबा, फुटबॉल खेळताना लेफ्ट नी ट्विस्ट झालाय. तुझा तो हेवी क्लच आय कान्ट मॅनेज.’

‘तू ये रे, मी बघतो काय करायचं ते,’ हेमचंद्र म्हणाला.

दोन दिवस गाडी दिसली नाही. ‘इकबालकडे आहे, शेवटची सर्व्हिसिंग,’ एवढंच तिला सांगण्यात आलं. गाडी परत आली, आणि दुसऱ्या सकाळी जयमाला नेहमीप्रमाणे शेडमध्ये गेली. बसली. डाव्या पायाने नेहमीचा जोर लावला, आणि पाय धाडकन तळाला आपटला.

 तिला वाटलं, आपण क्लच मोडला. इतके दिवस चोरून दाबून दाबून मोडला. आता दसऱ्याला काय, आणि यांना काय सांगायचं? तिची स्वतःची गाडीही इकबालकडेच जायची, त्यामुळे नंबर होता. तिने लगेच फोन लावला.

इकबाल हसायला लागला. ‘टूटा नहीं मॅडम, टूटा नहीं! साहब ने हलकावाला लगवाया है. छोटे साहब के घुटने के लिये.’

‘लेकिन वो तो स्लिप होगा ना? साहब बोले थे.’

‘कौन बोला? मॅडम, वो तो पहलेवाले से अच्छा पकडता है. मैंने तो शुरू में ही बोला था साहब को, यही लगाओ.’

‘फिर?’

‘साहब बोले, नहीं इकबाल, हलका डालेंगे तो घर में सब चलाने लगेंगे.’ तो पुन्हा हसला. त्याच्या लेखी तो एक साधा विनोद होता. ‘खलास मॅडम, टेन्शन मत लो. अब आप भी चलाओ.’

ती ‘शुक्रन’ म्हणाली आणि फोन ठेवला. घरात सब म्हणजे कोण? यशोधन कॅलगरीत होता. घरात ती एकटीच होती.

 राग आला, पण तो क्लचचा नव्हता. आपण भर उन्हाळ्यात पायाला डाळ बांधून झिजलो आणि तो रोज संध्याकाळी समोर बसून ‘आज काय केलंस दिवसभर’ असं विचारत राहिला, त्याचा राग होता. नंतर ती उतरली आणि दार हळूच लावलं, कारण जोरात लावलेलं त्याला आवडायचं नाही.

शुक्रवारी सकाळी कंपाउंडमध्ये गाड्या ओळीने लागल्या. मस्टँगला झेंडूची माळ चढली. यशोधन लंगडत बाहेर आला. आपल्यासाठी काय काय झालं याची त्याला कल्पना नव्हती. जयमालाने चारही चाकांखाली लिंबं ठेवली, हळदकुंकू वाहिलं, ओवाळलं. 

‘आई, यू ड्राइव्ह इट,’ यशोधन एकदम म्हणाला. ‘यू ऑलवेज वॉन्टेड टू.’

पोराला आठवण होती.  तिने हेमचंद्रकडे पाहिलं. त्याला आपण दिलेला शब्द आठवला असता, अगदी ओशाळून का होईना, तर ती बसली असती. तिचा पाय तयार होता.

‘हो हो, बस ना,’ हेमचंद्र मंडळींकडे बघून मोठ्याने म्हणाला. ‘आता हलका केलाय क्लच. आता काय, कोणीही चालवेल!’

मंडळी हसली. नमिता तेवढी हसली नाही.

‘तूच चालव रे यशू,’ जयमाला म्हणाली. ‘माझं पुरण गॅसवर आहे.’

ती आत वळली तेव्हा मागे इंजिन गुरगुरलं, चार लिंबं फुटली आणि टाळ्या पडल्या.

जेवायला सगळे त्यांच्याकडेच होते. दोहातला त्यांचा शेवटचा दसरा, म्हणून जयमालाने पुरणपोळ्यांचा घाट घातला होता. हेमचंद्रने पहिली पोळी तुपात बुडवून खाल्ली आणि डोळे मिटले.

‘जया, काय पुरण झालंय! आजवर असं झालं नव्हतं. डाळ कुठली आणलीस?’

‘घरातलीच,’ ती म्हणाली.

‘आणखी एक वाढ.’

तिने वाढली, मग आणखी एक, आणि वर तूपही सोडलं. डाळ तिने स्वच्छ निवडून, पुन्हा पुन्हा धुऊन घेतली होती, ती काही घाणेरडी बाई नव्हती. यशोधन आणि पाहुण्यांच्या पोळ्यांना तिने दुकानातून आणलेली नवीन डाळ वापरली होती. देवाचा नैवेद्यही त्याच नव्या डाळीचा होता. जीन्सच्या पायातली डाळ फक्त एका पानात पडत होती, आणि त्या पानावरचा माणूस बोटं चाटत म्हणत होता की अशी चव त्याने जन्मात चाखली नाही.