पौडच्या हॉटेलातला कौल

मुळशीच्या खोऱ्यातलं आमचं गाव धरणाच्या पाण्याखाली जाणार हे नक्की झालं, तेव्हा माझी थोरली पाच वर्षांची होती आणि धाकटी अजून अंगावर पीत होती. ह्यांनी सोलापुराकडे थोडी कोरडवाहू जमीन पाहून ठेवली होती. तिकडचा मालक म्हणाला होता, अक्षयतृतीयेपर्यंत आलात तर तुमची, नाहीतर दुसऱ्याला देतो. म्हणून आम्ही चैत्रातच घर सोडलं. पण पौडला सासूबाईंनी बसकण मारली ती मारलीच.

तिथं रस्त्याला एक चहाचं हॉटेल होतं. मागं गाडीवानांना उतरायला खोली. खोली कसली, भट्टीच्या भिंतीला टेकवलेलं छप्पर. एका रात्रीपुरते म्हणून उतरलो आणि तीन आठवडे राहिलो. हॉटेलवाल्याला सगळे अण्णा म्हणत. त्यानं एकदाही विचारलं नाही की कधी निघताय. उलट मुलींना रोज भज्यांचा चुरा पानात बांधून द्यायचा. मी दुसरीत शाळा सोडलेली बाई, पुढं आभाराचं पत्र लिहायचं तर कुणाच्या नावानं तेही मला कळलं नाही. त्याचे उपकार तसेच राहिले.

थोरलीला हॉटेल फार मानवलं. दोन दिवसांत ती गाडीवानांमध्ये उभी राहून "दोन च्या, एक भजी!" ओरडायला लागली. धाकटीला मात्र भट्टीचा धूर सोसेना. खोकता खोकता तिचा श्वास कोंडायचा, ओठ काळेनिळे पडायचे. मी तिला खांद्यावर टाकून मागच्या कण्हेरीखाली फेऱ्या मारायची.

अडलं होतं ते देवापाशी. आमचा घरचा देव म्हणजे शेंदूर फासलेला मुठीएवढा दगड. सासूबाईंनी तो फडक्यात बांधून मांडीवर धरून आणला होता. आमच्यात मोठं काम काढलं की देवाला कौल लावतात. ओल्या बोटानं देवाच्या दोन्ही अंगांना एकेक पाकळी चिकटवायची आणि वाट बघत बसायचं. उजवी आधी गळाली तर हो, डावी गळाली तर नाही. गाव सोडायच्या गडबडीत कौल राहिला होता. तो त्यांनी पौडला लावला. डावी पडली. आठ दिवसांनी पुन्हा लावला. पुन्हा डावी.

"देव म्हनतोय मागं फिरा," सासूबाई म्हणाल्या.

"मागं कुटं आये? छप्पर उतरवून आलोय आपुन," हे म्हणाले.

"मानसं अजून तितं धरनाच्या भिंतीचं काम आडवाया आडवी पडत्यात. आपुनच पळालो."

त्या माणसांत हेही आठ दिवस बसून आले होते. पोरींकडं बघून उठले, ते त्यांच्या मनातून कधी गेलं नाही.

अण्णा कढईपाशी होता. म्हणाला, "म्हातारे, तुझा देव डावखुरा हाय बग!"

"तुझ्या कढईत पड मेल्या!" म्हणाल्या, आणि हसल्या. घर सोडल्यापासून पहिल्यांदा.

तिसरा कौल लावायचा होता त्याच्या आदल्या दिवशी धाकटी अशी कोंडली की मला वाटलं, गेलीच. ह्यांनी तिला उलटी धरून पाठीवर थापट्या मारल्या तेव्हा कुठं रडली. अक्षयतृतीयेला आठ दिवस उरले होते. सकाळी सासूबाईंनी देवाला अंघोळ घालून पाटावर ठेवलं आणि त्या कण्हेरीची फुलं तोडायला मागं गेल्या. अण्णा गुडीशेवेसाठी गुळाचा पाक करत होता. मी त्यातला बोटाच्या टोकावर घेतला आणि देवाच्या डाव्या अंगाला लावला.

वळून बघते तर थोरली दारात.

"आये, देवाला गूळ कशापायी?"

"निवद हाय. बोलू नगंस, न्हाईतर देव खात न्हाई."

पोरीनं दोन्ही हात तोंडावर घट्ट धरले. कौल होईपर्यंत काढले नाहीत.

उजवी पाकळी पडायला वेळ लागला नाही. डावी चिकटलेलीच. सासूबाईंनी जमिनीला डोकं टेकलं. उठताना म्हणाल्या, "बरं. तूच जा म्हनतोस, तर जातो." त्यांचा आवाज ऐकून मला तिथंच सगळं सांगून टाकावंसं वाटलं. मी सामान बांधायला लागले.

दुसऱ्या दिवशी बैलगाडीनं पुण्याकडे निघालो. तिथून पुढं आगगाडी होती. पौड मागं पडल्यावर सासूबाईंनी देव बघायला फडकं सोडलं. देवाच्या डाव्या अंगाला मुंग्यांची रांग लागली होती. त्यांनी मुंग्यांकडं बघितलं, मग माझ्याकडं. मग माझ्या मांडीवरच्या धाकटीकडं. उघड्या वाऱ्यावर ती शांत झोपली होती. सासूबाईंनी एकेक मुंगी फुंकून खाली सोडली, तांब्यातल्या पाण्यात पदर बुडवून दगड पुसला आणि गाठ मारली.

"गाडीत मुंग्या लई झाल्यात," एवढंच म्हणाल्या.

नव्या गावात कुणी विचारलं तर सांगायच्या, देवानं उजवा दिला म्हनून आलो. पण त्यानंतर त्यांनी कधी कौल लावला नाही. विहीर खणायच्या वेळी मीच म्हटलं, लावायचा का? "नगं," म्हणाल्या. "त्याला आता काय इचारायचं."

चार वर्षांनी त्या अंथरुणाला खिळल्या. मी पायांशी बसले. "आत्याबाई, पौडला त्या दिवशी..."

"पोरगी आता खोकती का?" त्यांनी मध्येच विचारलं.

"न्हाई."

"मग झालं."

आणि तोंड भिंतीकडं केलं. पुढचे तीन दिवस त्यांना आपण कुठं आहोत ते कळत नव्हतं. जुन्या गावातल्या भाताच्या खाचरात पाणी चढलं का, एवढंच पुन्हा पुन्हा विचारायच्या. मी चढलं म्हणून सांगायची.