चतुराबाईचा सातवा महिना

पालीच्या चतुराबाईनं सारी हयात मेंढरांमागं काढली. नवऱ्याला जाऊन जमाना झाला, पण तोंडाची धार काही बोथटली नाही. धरणाजवळ खडकावरून घसरून तिचं मनगट टम्म सुजलं, तशी ती एक्सरे काढायला सरकारी दवाखान्यात गेली.

दवाखाना नुकताच कागदमुक्त झालेला. साहेबांनी फीत कापली, फोटो काढून घेतले. कॉम्प्युटर चालवायला कुणाला शिकवायचं तेवढं राहून गेलं. चतुराबाईच्या घरात मोबाईल एकच, म्हणून साऱ्या घराचा नंबरही तोच. खिडकीतल्या ऑपरेटरनं नंबर टाकला आणि वरचंच नाव उघडलं. ते निघालं तिच्या गरोदर सुनेचं, योगिताचं.

"एक्सरे न्हाई निघायचा, मावशे. तुमाला सातवा महिना हाय."

"आरं मुडद्या, आदी माजे दात मोज, मग महिने मोज! ती माजी सून हाय."

"मला दिसतंय की. पण एका नंबरावर दिवसाला एकच नाव उघडतंय. बाळंतपण झाल्याची नोंद केली, तरच एक्सरेची चिठ्ठी निघंल."

"मग कर बाबा बाळंतीण. हात लई ठणकतोय."

त्यानं बटण दाबलं. "आता इचारतंय, पोरगा का पोरगी?"

"कोकरू लिव," चतुराबाई म्हणाली, "आन् बाप म्हणून तुज्या साहेबाचं नाव टाक."

सारी रांग खदखदली. चिठ्ठी निघाली, एक्सरेही निघाला. हाड मोडलेलं होतं. कॉम्प्युटरच्या लेखी योगिताचं.