सोनाजीचं गायरान आणि आमचा सबसॉयलर

ट्रॅक्टर युनिटमध्ये नोकरी केली की अंगाला दोन गोष्टी चिकटतात, ग्रीस आणि किस्से. ग्रीस रॉकेलने निघतं. किस्से रिटायर झाल्यावरही निघत नाहीत. एक सांगायला घ्यावा तर त्याच्या मागोमाग दुसरा येतो, आणि तिसरा, जो मी विसरलेला असतो, तो आमच्या हिला चहा आणून ठेवता ठेवता आठवतो! आजचे सगळे मात्र एकाच गायरानाचे आहेत.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी नांदुऱ्याचा, शेतकी खात्याच्या ट्रॅक्टर युनिटवर असिस्टंट. ड्रायव्हर दत्तूभाऊ जळगाव जामोदचे. आमच्यावर देशावरून आलेले एक साहेब होते. वऱ्हाडी माणसं आपसात बोलायला लागली की पहिले सहा महिने त्यांना वाटायचं, भांडण सुरू आहे.

जानेफळपासून दोन कोसांवर एक गाव, तिथलं गायरान आम्हाला मोकळं करायचं होतं. गुरांनी वर्षानुवर्षं तुडवून ती जमीन अशी घट्ट बसली होती की पावसाचं पाणी वरच्यावर वाहून जायचं आणि गवताच्या मुळाला खाली उतरायला जागाच नव्हती. त्यावर इलाज म्हणून आम्ही ट्रॅक्टरमागे सबसॉयलर लावून नेला. त्याला नांगराचा फाळ नसतो. एक लांब लोखंडी पाय असतो, तो हातभर खोल घुसतो आणि माती न उलटवता खालून फोडत जातो.

* * *

पहिल्या दिवशी सकाळी ट्रॅक्टर गायरानात शिरला आणि गावातली पंधरा-वीस माणसं आडवी उभी राहिली. गायरान आमच्याकडे ई-क्लासात मोडतं, म्हणजे सरकारी जमीन, गावाच्या गुरांना चरायला ठेवलेली. अशी जमीन एकदा नांगरली की पुढच्या वर्षी तिथे कोणाची तरी ज्वारी उभी राहते, हे त्यांनी शेजारच्या गावात पाहिलं होतं. त्यामुळे नांगरू द्यायचं नाही, असं ठरवूनच ती आली होती. साहेबांनी अर्धा तास समजावलं. शेवटी दोन तास चालवून बघा, या अटीवर माणसं बाजूला झाली.

दोन तासांनी सगळे पुन्हा जमले. त्यातले एक म्हातारबाबा वाकले, जमिनीवरून हात फिरवला. माती जिथल्या तिथे होती, गवताची खुरटी बुडखंही जागेवर होती. फक्त बारीक चिरा दिसत होत्या.

"हे काय नांगरलं बे?" ते दत्तूभाऊंना म्हणाले. "हा तं डोक्याचा भांग पाडला नुस्ता."

सकाळी नांगरू नका म्हणून भांडणारे लोक दुपारी नीट नांगरलं नाही म्हणून भांडायला लागले. साहेबांनी डायरीत लिहिलं, 'ग्रामस्थांचा विरोध मावळला.'

* * *

सोनाजी हा त्या गावचा गायकी. गायकी म्हणजे गावाचा गुराखी. रोज सकाळी घराघरातली गुरं सोडवून, ती सगळी हाकत रानात न्यायची आणि दिवस मावळायच्या आत ज्याची त्याला परत करायची. गायरानात खायला काही नसल्यामुळे त्याची गुरं पोटासाठी शेतात शिरायची. त्या वर्षी ती दोनदा कोंडवाड्यात गेली होती. गावाने त्याला स्पष्ट सांगितलं होतं, तिसऱ्यांदा असं झालं की गायकीचं काम दुसऱ्याला.

आणि मी शहाणा त्यालाच सांगायला गेलो की पोळ्यापर्यंत या गायरानात एकही जनावर घालायचं नाही, म्हणजे गवत धरेल.

त्याने हातातली काठी जमिनीत रोवायचा प्रयत्न केला. ती खट् करून परत आली. मग माझ्याकडे बघत म्हणाला, "अन् नाही आलं तं?"

"येईल."

"तुमाले नोकरी सरकारनं देल्ली, मले गावानं. तुमचं चुकलं तं बदली होते. माह्यं चुकलं तं म्या कोठी जाऊ?"

खरं सांगायचं तर त्या दिवसापासून माझी झोप उडाली. सोनाजीने मात्र माझा शब्द मानला आणि सारा पावसाळा नाल्याच्या काठाने, बांधाबांधाने, गुरांच्या मागे धावत काढला. ज्वारी हिरवीगार उभी, आणि तिच्या कडेने भुकेली साठ-सत्तर गुरं न्यायची! तो जेवायलाही बसत नसे, चालता चालता भाकरी खायचा.

* * *

सबसॉयलरचा पाय ज्या बोल्टवर अडकवलेला असतो, तो मुद्दाम कमजोर ठेवतात. खाली दगड लागला की बोल्ट तुटतो आणि अवजार वाचतं. त्या गायरानात दगडांना तोटा नव्हता. चौथ्या दिवशी आमचे सगळे बोल्ट संपले.

दत्तूभाऊ गावच्या लोहाराकडे गेले. लोहार कसबी माणूस. त्याने तुटलेला बोल्ट हातात फिरवून पाहिला, नाक मुरडलं आणि दुसऱ्या दिवशी सहा बोल्ट घडवून आणले. दत्तूभाऊंनी एक बसवून ट्रॅक्टर सोडला. वीस पावलांवर दगड लागला. बोल्ट शाबूत राहिला आणि सबसॉयलरचा पाय वाकून कोयत्यासारखा झाला.

साहेब डोक्याला हात लावून बसले. लोहार मात्र वाकलेल्या पायाकडे बघतही नव्हता. तो सगळ्या गावाला बोल्ट दाखवत होता.

दत्तूभाऊंनी त्याला हात जोडून समजावलं की बाबा, आम्हाला तुटणारा बोल्ट पाहिजे. लोहाराने सहाही बोल्ट उचलून पिशवीत टाकले.

"तुटणारा पाहिजे तं शहरातून आणा," तो म्हणाला. "आमच्या घराण्यात तसं काम होत नाही."

वाकलेला पाय त्यानेच सरळ करून दिला, आणि त्यानंतर तो शेवटपर्यंत वाकला नाही. बोल्ट आम्ही मेहकरहून आणले.

* * *

गायरानाच्या एका कडेला बाभळी होत्या. तिथे मुळांमुळे सबसॉयलर चालेना. दत्तूभाऊंनी डोकं लढवलं. एका जुन्या लोखंडी ड्रमाला बाहेरून अणकुचीदार खिळे बसवून घेतले, आत पाणी भरून वजन वाढवलं आणि तो रोलर ट्रॅक्टरमागे जोडला. ड्रम गोल फिरत जाईल आणि खिळे जमिनीत भोकं पाडत जातील, असा हिशेब. साहेब इतके खूश झाले की त्यांनी फोटोसाठी टोपी घातली.

ड्रम खिळ्यांच्या जोडाशी गळत होता, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. गुरांच्या मात्र आलं. मे महिना, दुपारची वेळ. सोनाजी बांधावरून गुरं नेत होता; तो ओरडत राहिला आणि सगळी गुरं गायरानात शिरून ओली माती चाटत रोलरच्या मागे चालायला लागली. आम्ही पुढे भोकं पाडत होतो आणि मागे साठ गुरं पायांनी ती बुजवत येत होती.

साहेबांनी विचारलं, "दत्तूभाऊ, मागे वळून पाहिलंत का?"

"पाह्यलं साहेब," दत्तूभाऊ म्हणाले. "मले वाटलं, तुमीच बोलावली फोटोसाठी."

* * *

पाऊस सुरू झाला. पंधरा दिवस गेले, तीन आठवडे गेले, गवताचं काही कळेना. आमच्या मेहकरच्या ऑफिसात बसून मी रोज मनातल्या मनात सोनाजीची गायकी जाताना बघत होतो.

एका दुपारी त्या गावचे नामदेवराव तावातावाने ऑफिसात आले. त्यांच्या घरी चार म्हशी. गायरानाच्या मधोमध एक खोलगट जागा होती, तिथे दर पावसाळ्यात डबकं साचायचं आणि नामदेवरावांच्या म्हशी दिवसभर त्यात डुंबायच्या. यंदा इतका पाऊस होऊनही डबकं साचलंच नव्हतं.

"पानी पडते अन् गायब होते," ते टेबलावर हात आपटून म्हणाले. "तुमच्या ट्रॅक्टरनं ते नेलं कोठी? म्हशी काऊन तरास सोसतीन?"

मी खुर्चीतून उठलो. "एक थेंबही थांबत नाही?" मी विचारलं.

"एक थेंब नाही!"

मला इतका आनंद झाला की मी त्यांचे दोन्ही हात धरले. पाणी मुरत होतं! त्यांना बसवलं, चहा मागवला, वर भजी मागवली. तक्रार करायला आलेल्या माणसाचा असा सत्कार त्या ऑफिसात आधी झाला नव्हता आणि नंतरही नाही. नामदेवराव जाताना बुचकळ्यात पडले होते. त्यांची तक्रार मी शब्दशः लिहून घेतली आणि साहेबांसमोर ठेवली. साहेबांनी ती दोनदा वाचली आणि बऱ्याच दिवसांनी खुशीत सिगारेट पेटवली.

* * *

पोळा झाला. गुरं गायरानात सोडून आठ दिवस झाल्यावर साहेब आणि मी पाहणीला निघालो. साहेबांच्या मांडीवर छापील फॉर्म होता, त्यात शेवटचा रकाना 'परिणाम'.

आम्ही पोहोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. गवत गुडघ्याएवढं. त्यात गुरं उभी, काही बसून रवंथ करत होती. एकही जागचं हलत नव्हतं. शेजारची ज्वारी दाणा भरून उभी होती आणि तिच्याकडे कोणाचं तोंडसुद्धा नव्हतं. सोनाजी कुठे दिसेना.

मग दिसला. बाभळीखाली, काठी उशाला घेऊन, तोंड उघडं टाकून गाढ झोपलेला. एक कालवड त्याच्या पायाशी बसली होती.

साहेब तपासणीला आलेत आणि हा झोपलाय! मी धावत त्याला उठवायला निघालो. साहेबांनी माझा दंड धरला. मला घेऊन ते हलक्या पावलांनी जीपकडे आले आणि फॉर्म भरला. परिणाम : 'दुपारी दोन वाजता गायकी झोपलेला आढळला. समाधानकारक.'

महिन्याभराने वरच्या ऑफिसातून पत्र आलं. 'सदर गायकी कामाच्या वेळेत झोपलेला आढळला असता त्याच्यावर काय कारवाई केली, ते उलट टपाली कळवावे.'

मी घाईघाईने दीड पानाचा खुलासा टाइप केला. जमीन कशी होती, गवत किती आलं, सगळं. साहेबांनी तो वाचला, बाजूला ठेवला, कोरा कागद घेतला आणि स्वतःच्या हाताने एक ओळ लिहून सही केली.

'सदर गायक्याला उठवले नाही.'