डांगरातलं भूत आणि सखाराम कंडक्टर

सखाराम कंडक्टरनं उभी हयात एसटीत काढली. मूळचा देवगाव रंगारीचा. रिटायर झाला अन् लेकाकडं सिडकोत राहायला आला. पण गप बसणं त्याच्या नरड्याला मानवंना. खचाखच भरलेल्या गाडीत माणसं हलवणारं ते नरडं, दोन खोल्यांच्या घरात कसं मावणार? सून बेजार झाली. शेवटी तिनंच त्याला कॉलनीच्या समाजमंदिरात, लेकरांच्या वाचनालयात नेऊन सोडलं. दर रविवारी संध्याकाळी लेकरांना पुस्तक वाचून दाखवायचं ठरलं.

पुस्तकं कुणाच्या तरी परदेशी राहणाऱ्या लेकीनं दिलेली. जाड पुठ्ठ्याची, पानभर चित्रं. सगळी तिकडच्या पानगळीतली. लाल झाडं, वाऱ्यावर उडणारा पाचोळा, अन् थोडी थोडी भुताची. भूतबी कसं, तर गरीब. चादर पांघरून दोन भोकांतून बघणारं. खाली चार ओळी इंग्रजी. सखाराम त्या ओळींच्या नादी लागायचा नाय. चित्र बघायचा अन् सांगत सुटायचा. आपल्याकडं त्या दिवसांत कुठली आली पानगळ? ऊन असं चावतं की चादर घेतलेलं भूत घामानंच मरावं. म्हणून त्याच्या वाचनात तिकडची झाडं बाभळी व्हायची, अन् डोळे कोरलेलं ते केशरी फळ म्हणजे आपलं डांगर, लाल भोपळा. "डांगराला डोळं फुटलं," असं तो दबक्या आवाजात म्हणला, की लेकरं एकमेकाला चिकटायची. लगेच हसायचीबी. भ्यायचं अन् हसायचं, दोन्ही एकाच सतरंजीवर.

गेल्या साली मात्र पितरपाटात, म्हणजे पितृपक्षात, घोटाळा झाला. त्या रविवारी पुस्तक होतं डांगरातून निघालेल्या उपाशी भुताचं. भूत एका घराच्या खिडकीशी येतं अन् कुणी जेवायला बोलावील का म्हणून वाट बघतं. सखारामनं ते लई रंगवून सांगितलं. अन् त्याच आठवड्यात सई नावाच्या पोरीच्या घरी तिच्या आजोबांचं श्राद्ध निघालं. म्हातारा उन्हाळ्यातच गेलेला. सईची आई मनस्विनी बँकेत नोकरीला, शहाणी बाई. गच्चीवर कावळ्यासाठी पान ठेवता ठेवता लेकीला म्हणली, आज आजोबा जेवायला येणार. पाच वर्षांच्या पोरीनं दोन्ही गोष्टी जुळवल्या. जेवायला येतं कोण? चादरवालं. ती जी पलंगाखाली शिरली ती निघंना. आजोबांनी चादर का पांघरली, त्यांचे डोळे कुठं गेले, एवढंच विचारत रडायली.

मनस्विनी तडक व्यंकटरावांकडं गेली. व्यंकटराव वाचनालयाचे चिटणीस, कोर्टातून निवृत्त झालेले, काटेकोर माणूस. त्यांनी सखारामला बोलावून सांगितलं, की येत्या रविवारी पोरीची भीती गेली तर ठीक, नाहीतर भुतांची पुस्तकं कपाटात अन् वाचन बंद. सखारामचं तोंडच उतरलं. रविवार गेला तर बाकीचा आठवडा कशाच्या जिवावर काढायचा?

व्यंकटरावांनी उपायबी सुचवला. भूत नसतंच असं सांगून टाका.

सखाराम म्हणला, "मग तिचा आजाबी येत नाय असं सांगू का? घरच्यांनी तर पान वाढलंय."



रविवारी मनस्विनी पोरीला घेऊन आली अन् दाराशीच उभी राहिली. व्यंकटराव कपाटाची किल्ली बोटात फिरवत खुर्चीवर. सखारामनं तेच पुस्तक काढलं. सईनं डोळे गच्च मिटले. सखारामनं पान उघडलं अन् वाचायचं सोडून पुस्तक तिच्या पुढ्यात सतरंजीवर ठेवलं. मागून एक पोरगं म्हणलं, काका, गाडी पंक्चर झाली का? लेकरं खिदळली. सईनं एक डोळा उघडला.

"हे आजोबा आहेत का?" तिनं विचारलं.

"मला काय ठाव, माय," सखाराम म्हणला. "म्या तुझ्या आज्याला कधी बघितलं नाय. तूच इचार त्याला. फकस्त तुला अन् आज्यालाच ठाव असंल, असं काहीतरी इचार."

सईनं विचार केला. मग पुस्तकावर वाकून, अगदी भुताच्या भोकापाशी तोंड नेऊन म्हणली, "मला लाडानं काय म्हणायचे, सांगा."

आता सखाराम ते कुठून सांगणार? भुताचा घोगरा आवाज काढायचा एरवीचा हातखंडा, पण तो तोंड मिटून बसला. लेकरांनाच राहवंना. एकानं पिल्लू सांगितलं, एकानं चिमणी, एकानं भेंडी. सई दरवेळी मान हलवायची. चित्रातलं भूत आपलं खिडकीशी उभं.

शेवटी सईनं त्याच्या चादरीवर बोट आपटलं. "हे आमचे आजोबा नाहीतच. आजोबांनी लगेच सांगितलं असतं. हे नुसतं भूत आहे."

"मंग या नुसत्या भुताचं काय करायचं?"

"त्याला भूक लागली आहे ना? पान उलटा."

सखारामनं पान उलटलं. घरातली माणसं भुताला पंगतीत बसवतात तिथं त्यानं भाजी डांगराची वाढली, तर सईनंच हटकलं, त्याचं घर होतं ते, ते कसं खाईल? लेकरं लोळायला लागली. सखारामला भाजी बदलून वांग्याची करावी लागली.

व्यंकटरावांनी किल्ली खिशात टाकली. जाताना एवढंच बजावलं, की पितृपक्षात ससे-कासवं वाचा, भुतं घटस्थापनेनंतर. सखारामनं ते खुशाल मान्य केलं. पितरांच्या पंगतीत भुतं घुसवू नयेत, हे त्यालाबी पटलं होतं.

मनस्विनी चपला घालताना थांबली. म्हणली, "काका, ते नाव माझ्या ओठांवर आलं होतं. सांगते तुम्हाला."

"नका सांगू, ताई," सखाराम म्हणला. "तिनं फिरून इचारलं, तर मला ठाव नसलेलंच बरं."